पुरचुंडी आणि डबी

आयुष्यात मी अंडं खाल्लेलं नाही. त्यामुळं काठमांडूच्या लॉजवर पहाटे साडेतीनला सडक्या अंड्याचा वास आला, तेव्हा मी आधी शेजारच्या कॉटवर झोपलेल्या काकूंकडं संशयानं बघितलं. त्या शांत घोरत होत्या. दुसरा ढेकर आला, आणि तो माझाच होता.

आम्ही चौदा जण सांगलीहून मुक्तिनाथाला निघालो होतो. भाऊबीज झाली, डब्यात उरलेला चिवडा-चकली बांधून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मिरज स्टेशन. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदान ओळखपत्र चालतं. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘फॉरेन टूर’ होतं आणि ते बदलायची कुणाची छाती नव्हती. पुणे, गोरखपूर, सुनौलीची सीमा, लुंबिनी, पोखरा, मग विमानानं जोमसोम आणि जीपनं मुक्तिनाथ. १०८ धारांखालून पळत जाताना थंडीनं टाळू बधिर झाली. तोंडात थोडं पाणी गेलं. तीर्थच ते, थुंकणार कोण?

काठमांडूत दुसऱ्या रात्री हे ढेकर सुरू झाले. मग पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आणि पहाटेपासून धावपळ. ताप नाही, रक्त नाही. फेसाळ, तेलकट आणि अशा वासाचं की मलाच माझी लाज वाटावी. सकाळी काकू उठल्या, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता पिशवीतून पुरचुंडी काढली.

काकू म्हणजे आमच्या गल्लीतल्या. नात्यानं कुणी नाहीत, पण गणपतीच्या देवळापासून आमच्या कोपऱ्यापर्यंत सगळ्यांच्या काकू. पुरचुंडी जुन्या धोतराच्या पानाची होती, हळदीनं पिवळी पडलेली. त्यात ओवा, सुंठ, हिंगाचा खडा, बाळहिरडे, जायफळ आणि वावडिंग. वावडिंग मी कित्येक वर्षांनी बघत होते. लांबून मिरीच वाटते, पण दाणा हलका, तांबूस, अंगावर बारीक रेषा आणि एका टोकाला देठाची काडी. दाताखाली फुटला की आधी काहीच नाही, मग जिभेच्या मागं कडवट तुरटपणा. तो एक दाणा चावला आणि मी थेट माहेरच्या पडवीत जाऊन बसले.

माझं माहेर पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. सुट्टी संपायच्या आधीचा आठवडा आम्हा भावंडांचा जंताचा. तीन रात्री वावडिंगाची पूड गुळात कालवून, आणि चौथ्या दिवशी पहाटे कोऱ्या चहातून एरंडेल. आजी नाक दाबायची, आपोआप तोंड उघडायचं. कुणी रडलं की म्हणायची, “गिळ गपगुमान. त्यो आत बसून तुजाच गूळ खातोय.” एका वर्षी धाकट्या भावाच्या पोटातून खरोखरच एक पडला. वीतभर, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता. आजीनं काटकीनं उलटापालटा करून तो नीट बघितला, डोकं कुठलं शेपूट कुठली याची खात्री केली आणि वर राख टाकली. भाऊ आठवडाभर गल्लीत छाती काढून हिंडला. आम्हा बाकीच्यांना हेवा वाटला, हे आज लिहिताना विचित्र वाटतं, पण वाटला होता खरा.

त्या जंताची मादी दिवसाला दोनेक लाख अंडी घालते हे मला नंतर कळलं. अंडी विष्ठेतून मातीत पडली की दोन-तीन आठवडे तिथं पिकतात, मग भाजीवरून, नखांतून, न धुतलेल्या काकडीवरून पुन्हा कुणाच्या तरी तोंडात. आतड्यात अळी फुटते, आणि ती तिथंच राहील तर शपथ! आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात, तिथून फुप्फुसात, मग श्वासनलिकेतून वर चढून घशात येते आणि आपण ती गिळतो. पोटातून निघून पोटातच यायला एवढा वळसा. पंढरीची वारीसुद्धा सरळ रस्त्यानं जाते.

हे मला कळायचं कारण माझी नोकरी. मी प्राथमिक शाळेत शिकवते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. १० फेब्रुवारीला आम्ही बाया वर्गावर्गात गोळ्या घेऊन उभ्या. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, आमच्यासमोर चावून खायची. राहिलेल्या मुलांसाठी पुन्हा आठवड्यानं. गोळी गालात धरून बाहेर थुंकणारे बहाद्दर मी नजरेनं ओळखते. तर अशी मी, शेकडो पोरांना जंताची गोळी चारलेली, प्रवासाच्या औषधांत तीच एक गोळी टाकून निघाले होते. काकूंचं वावडिंग घेतलं, वर माझी गोळीही घेतली. परंपरा आणि शासन दोन्ही पोटात गेले. ढेकर तसेच.

सांगलीत परत येईपर्यंतचे चार दिवस मी वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की पुणे-मिरज गाडीत मला डब्यातल्या चारही शौचालयांच्या कड्या पाठ झाल्या होत्या.

त्या चार दिवसांत काकूंच्या ज्या उपायानं मी खरोखर तग धरला, त्याला त्या औषध समजतच नव्हत्या. बाटलीभर उकळून निववलेल्या पाण्यात मीठ-साखर. लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. आतड्यात साखर शोषली जाताना मिठालाही आत ओढून नेते आणि त्यांच्यामागं पाणी जातं, एवढीच त्यातली गंमत. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं मरत होते. सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपं भरून याच धर्तीचं पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं आणि तीस टक्क्यांच्या घरातलं मरणाचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. यानं रोग मरत नाही, रोगी मात्र जगतो. मला अजून काय हवं होतं?

शाळा सुरू झाली आणि स्टाफरूममध्ये उपायांचा पाऊस पडला. एकीनं लाल भोपळ्याच्या बिया सोलून आणल्या. एक म्हणाली कारल्याचा रस, एक म्हणाली लसूण तुपात. आटपाडीकडच्या सरांनी डाळिंबाच्या मुळाची साल सुचवली. तिकडं डाळिंबाला काय कमी! ती साल पट्टकृमीवर जुन्या काळापासून देतात हे खरं आहे, एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनज्ञांनी तिच्यातलं द्रव्य वेगळंही काढलं होतं. पण मात्रा जरा चुकली की चक्कर येते, डोळ्यांवर परिणाम होतो. झाडाची साल मिलिग्रॅम लिहून येत नाही.

मला स्वतःला सगळ्यात ओढ होती ती किरमाणी ओव्याची. आजीच्या फडताळात त्याची वेगळी डबी असे आणि तिला हात लावायची आम्हाला बंदी. हा आपला भाजीतला ओवा नव्हे. ती दवण्याच्या कुळातली झुडपं आहेत, थंड कोरड्या मुलखातली. त्यांच्या कळ्यांतून काढलेलं सँटोनिन हे औषध एकेकाळी जगभरचे डॉक्टर जंतांवर देत. जास्त झालं की रोग्याला सगळं पिवळं दिसायला लागे. पुढं सुरक्षित गोळ्या आल्या आणि ते मागं पडलं. म्हणजे आजीची डबी काही वेडाचार नव्हता, आणि तिची बंदी तर मुळीच नव्हती. याच कुळातल्या दुसऱ्या झुडपापासून चीनच्या तू योयो यांनी हिवतापावरचं औषध काढलं आणि २०१५ चं नोबेल मिळवलं. झाडात औषध असतं हे मला कुणी पटवायला नको. माझा प्रश्न वेगळा होता: माझ्या पोटात नक्की कोण आहे?

हा प्रश्न मी तीन आठवडे विचारलाच नाही. सगळे ‘जंत’ म्हणत होते, मीही म्हणत होते. वजन चार किलोंनी उतरलं. साडीच्या निऱ्या दोन जास्त पडायला लागल्या तेव्हा ह्यांनी स्कूटर काढली आणि म्हणाले, “आता मिरज.”

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथं मिशनचं इस्पितळ काढलं, तेव्हापासून अर्धा कर्नाटक पोट दाखवायला इथं येतो. आम्ही ज्या डॉक्टरांकडं गेलो त्यांनी पोट दाबलं, प्रश्न विचारले आणि चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिली. मी पर्समधून काकूंची पुरचुंडी काढून दाखवली. त्यांनी ती उघडून वास घेतला. हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, “वावडिंग चांगलंच आहे. पण बाई, शाळेत मूल रडत आलं तर तुम्ही आधी विचारता ना, काय झालं म्हणून?”

मग ती डबी. प्लॅस्टिकची, पांढऱ्या झाकणाची, झाकणालाच आतून चिकटवलेला इवलासा चमचा. सोळा वर्षांच्या नोकरीत मी हजार मुलांसमोर बोलले असेन, पण ती डबी हातात घेऊन लॅबच्या बाकावर बसताना मान वर होईना. शेजारी एक आजोबा तसलीच डबी रुमालात गुंडाळून बसले होते. आम्ही दोघं समोरच्या कॅलेंडरवरचा गणपती बघत राहिलो.

पहिल्या दिवशी काही सापडलं नाही. लॅबमधली मुलगी म्हणाली, “मॅडम, हे रोज पडत नाहीत, पुन्हा या.” मग एक दिवस सोडून गेले. तिथल्याच शौचालयात डबी भरून दिली, ताजी. दहा मिनिटांनी तिनं आत बोलावलं. “बघायचंय?”

मी एक डोळा मिटून वाकले. आधी नुसता पिवळट धुरळा. मग तिनं स्क्रू किंचित फिरवला आणि एक नासपतीच्या घाटाचं काहीतरी हललं. सरळ पोहत नव्हतं; झाडावरून वाळकं पान गळताना कसं इकडून तिकडं उलटंपालटं होत येतं, तसं. क्षणभर स्थिर झालं तेव्हा त्याला दोन डोळे दिसले. डोळे नव्हेत, दोन केंद्रकं, असं तिनं सांगितलं. पण ते माझ्याकडंच बघत होतं. जियार्डिया. एक पेशी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जरा मोठी. भावाचा वीतभर जंत कुठं आणि हे कुठं! हा जंत नव्हताच मुळी. म्हणून माझ्या एका गोळीला तो बधला नाही; तीच गोळी त्याच्यावर चालवायची तर पाच-पाच दिवस द्यावी लागते.

याला पहिल्यांदा बघणारा माणूसही रोगीच होता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहूक, स्वतः भिंगं घासणारा. १६८१ साली त्याचं पोट बिघडलं आणि त्यानं स्वतःचंच जुलाब भिंगाखाली धरलं. सांगली-मिरजेच्या कापडपेठेतल्या कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी मांत्रिक बोलावला असता.

औषध साधं निघालं. टिनिडाझोल, चार गोळ्या एकदम, जेवणानंतर. “दारू घ्यायची नाही हं,” डॉक्टर म्हणाले. ह्यांना हसू आवरेना. दोन दिवस तोंडात जुना तांब्या चघळल्यासारखी चव, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोटात इतकी शांतता की मला चुकल्यासारखं झालं.

दूध मात्र पचेना. त्या किड्यानं आतड्याचं अस्तर सोलवटून ठेवलं होतं, आणि दुधातली साखर पचवणारं द्रव्य त्याच अस्तरात तयार होतं. भरून यायला काही आठवडे. सांगलीत राहायचं आणि म्हशीच्या दुधाचा चहा प्यायचा नाही, ही शिक्षा मी पाच आठवडे भोगली. ताक चाललं. रोज सकाळी कोरा चहा घेताना एरंडेलाची आठवण यायची, कारण लहानपणी कोरा चहा फक्त त्याच दिवशी मिळायचा.

इतकं झाल्यावर शोध सुरू झाला की हे आणलं कुठून. घरात, शाळेत, गल्लीत निकाल लागून गेला होता: नेपाळचं पाणी. माझा वहीम मुक्तिनाथाच्या त्या घोटावर होता आणि मनातून अपराधीही वाटत होतं, देवाच्या दारच्या पाण्यावर आळ घेताना. शिवाय तिथल्या हॉटेलात उकळलेलं पाणी देत. पण ३,७०० मीटरच्या वर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, म्हणून तिथं ते तीन मिनिटं तरी खळखळू द्यावं लागतं. सांगलीत एक मिनिट पुरतं. ते दिलं असेल का त्यांनी? दिवसभर सीलबंद बाटली आणि रात्री ब्रश मात्र नळाखाली, हा शहाणपणा तर आम्ही चौदाही जणांनी केला होता.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, “त्रास सुरू झाला त्या दिवसापासून एक ते दोन आठवडे मागं मोजा.”

मी प्रवासाची डायरी काढली. रोजचा खर्च लिहायची सवय. काठमांडूतली ती पहाट म्हणजे निघाल्यापासून दहावा दिवस. मुक्तिनाथ त्याच्या तीनच दिवस आधी. नेपाळच्या हद्दीत पाऊल टाकून तेव्हा सहा दिवस झाले होते. त्याच्या मागं गोरखपूरच्या फलाटावरचा उसाचा रस, बर्फ घालून. त्याच्या मागं रेल्वे. आणि त्याच्याही मागं पाडवा आणि भाऊबीज, म्हणजे माझं माहेर.

पाडव्याला मी मळ्यातल्या विहिरीचं पाणी प्यायले होते. ओंजळीनं, कौतुकानं, भाच्यांना दाखवून, “आम्ही असंच प्यायचो बघा.” २०१९ च्या महापुरात ती विहीर आठवडाभर कृष्णेखाली होती. नंतर उपसली, क्लोरीन टाकलं. पण जियार्डिया क्लोरीनला सहजी दाद देत नाही, आणि गोठा, वस्तीची शौचालयं, सगळं विहिरीच्या वरच्या अंगाला. भावाला फोन केला. तो उसळलाच. “आमच्या विहिरीचं? अगं पिढ्यान्‌पिढ्या पितोय आम्ही, कुणाला काय झालं?” त्याचंही खोटं नाही. कित्येकांच्या पोटात हा असतो आणि त्यांना काही होत नाही. माझं पोट तीस वर्षांत शहरी होऊन बसलंय. गोरखपूरचा रस, रेल्वेतला चहा, विहीर, यातलं नेमकं कोण ते कधी कळणार नाही. फक्त नेपाळ बहुधा सुटला. ग्रुपवर मी तसं लिहिलं. कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर तीन गोष्टी करायला सांगितल्यात: आधी ओढून बाहेर काढा, मग त्यांना राहवणार नाही असं पोट करा, आणि ज्यानं झालं ते टाळा. आजीला चरक कोण हे ठाऊक नव्हतं, पण एरंडेल पहिलं होतं आणि वावडिंग दुसरं. तिसरं म्हणजे तिची दिवसभराची कटकट: परड्यातून आलास, हात राखेनं घास, चपला घालून जा तिकडं, ती काकडी धुतलीस का, बाळंतिणीला उकळलेलंच पाणी द्या. आम्ही पोरांनी मोठेपणी आजीचं काय जपलं तर वावडिंग. कटकट विसरलो. मी तर तिच्याच विहिरीवर ओंजळ धरली.

परवा, म्हणजे आम्ही परत आल्याला अडीच महिने होऊन गेल्यावर, दुपारी काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या. हळदीचा भाव, सुनेचं डोहाळजेवण. मग आवाज खाली आला.

“तुला ते ढेकर यायचे ना गं. कसे यायचे?”

मी सांगितलं.

“अंड्यासारखे?”

काकू काठमांडूपासून पपईच्या बिया वाटून मधातून घेत होत्या. रोज, न चुकता, कुणाला न सांगता. बियांचं मी वाचलं होतं: २००७ मध्ये नायजेरियात साठ मुलांवर प्रयोग झाला, आणि बिया-मध घेतलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणांची विष्ठा परोपजीवींपासून साफ झाली, नुसता मध घेतलेल्यांत सहातल्या एकाची. फेकून द्यावं असं ते नाही. पण साठच मुलं, आणि काकूंचं वय एकाहत्तर. मी म्हटलं, “काकू, किती दिवस झाले?” त्या गप्प. “वजन?” तर म्हणाल्या, “बांगड्या सैल झाल्यात.”

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. लॅबच्या त्याच बाकावर आम्ही दोघी बसलो. काकूंनी डबी भडंगाच्या रिकाम्या पिशवीत घातली होती, ती पिशवी रुमालात आणि रुमाल पदराखाली. समोर कॅलेंडरचं पान बदललं होतं, गणपती तोच. आतून त्या मुलीनं नाव पुकारलं, तशा काकू उठल्या, आणि दाराशी जाऊन वळून मला म्हणाल्या, “ती मुलगी भिंगातून बघू देते म्हणालीस ना? माझा चष्मा घरी राहिलाय. तू बघ, आणि मला सांग.”